‘टर्ब्युलंट’ हा इंग्रजी शब्द वापरात कसा आणावा

टर्ब्युलंट या इंग्रजी विशेषणासमोर शब्दकोशात ‘अस्थिर’, ‘अशांत’, ‘खवळलेला’, ‘प्रक्षुब्ध’ असे चार-पाच प्रतिशब्द दिसतात. बहुतेक जण त्यातला पहिला उचलतात, ‘टर्ब्युलंट म्हणजे अस्थिर’ असे वहीत टिपून ठेवतात आणि पुढच्याच आठवड्यात डुगडुगणाऱ्या टेबलाला टर्ब्युलंट म्हणून मोकळे होतात. दोष त्या जोडीचा आहे. मराठीतला ‘अस्थिर’ टेबलाला चालतो, सरकारला चालतो, मनालाही चालतो. टर्ब्युलंटचा पसारा वेगळा. काही ठिकाणी तो अस्थिरच्या खूप पुढे जातो, काही ठिकाणी पाऊलही ठेवत नाही.

पुढे दिलेल्या सगळ्या कृतीला पहिल्या दिवशी साधारण चाळीस मिनिटे लागतात, आणि नंतरच्या दोन महिन्यांत थोडे थोडे मिळून अर्धा-पाऊण तास. एका शब्दासाठी हा वेळ जास्त वाटेल. पण या शब्दाचे हिशेब सरळ आहेत: बातम्या, इतिहास, शेअर बाजार, विमानप्रवास आणि भौतिकशास्त्र अशा पाच ठिकाणी तो हमखास भेटतो, आणि तो नीट बसवताना केऑटिक, व्होलटाइल, अनस्टेबल, ट्युमल्चुअस हे त्याचे शेजारीही आपापल्या जागी बसतात. साहित्य म्हणाल तर सहा कोरी कार्डे, शिकणाऱ्यांसाठी केलेला एखादा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, आणि पाण्याचा नळ.

आधी जीभ

अर्थाच्या आधी उच्चार घ्या. चुकीच्या आवाजात पाठ झालेला शब्द कानावर पडला तरी ओळखू येत नाही, आणि मग ऐकण्यातून होणारी फुकटची उजळणी बुडते.

शब्दाचे तीन तुकडे आहेत: टर्‌ – ब्यु – लन्ट. जोर पहिल्यावर. पहिला तुकडा लांब आणि ठसठशीत, उरलेले दोन भरभर आणि दबक्या आवाजात. मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी इथे चार चुका हमखास होतात.

पहिली, जोर मधल्या तुकड्यावर देऊन ‘टर्ब्यूऽलंट’ म्हणणे. मराठीत दीर्घ स्वरावर आवाज रेंगाळतो, त्या सवयीने हे होते. इथला ‘ब्यु’ ऱ्हस्वच ठेवायचा.

दुसरी, ‘य’ गाळून ‘टर्बुलंट’ म्हणणे. स्पेलिंगमध्ये ‘य’चे अक्षर नाही, म्हणून तो निसटतो. ‘रेग्युलर’, ‘पॉप्युलर’ म्हणताना जो ‘यु’ सहज येतो तोच इथे आहे.

तिसरी सुरुवातीच्या ‘ट’ची. मराठी ‘ट’ म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते. इंग्रजीत जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला लागते आणि सुटताना हवेचा छोटा फुत्कार निघतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून म्हणून पाहा. कपटा हलला तर ‘ट’ जमला.

चौथी चूक फार कमी लोकांच्या लक्षात येते. आपण ‘लंट’ लिहितो आणि ‘लण्ट’ म्हणतो, कारण ‘ट’च्या आधीचा अनुस्वार मराठीत ‘ण’ होतो. इंग्रजीत तो साधा ‘न’ आहे. म्हणून तोंडात ‘लन्ट’ ठेवा. या लेखात सवयीप्रमाणे ‘टर्ब्युलंट’ असे लिहिले आहे, पण वाचताना मनात ‘न’ म्हणा.

ब्रिटिश उच्चारात पहिल्या तुकड्यातला ‘र’ ऐकूच येत नाही, ‘टऽऽ-ब्यु-लन्ट’ असे वाटते. अमेरिकन उच्चारात ‘र’ असतो. दोन्ही बरोबर. एक धरा, आणि दुसरा ऐकला तर दचकू नका.

स्पेलिंग नऊ अक्षरांचे: टी-यू-आर, बी-यू, एल-ई-एन-टी. चुकते ते दोन जागी. पहिल्या तुकड्यात ‘यू’च्या जागी ‘ई’ किंवा ‘ओ’ येतो, कारण तिन्हींचा आवाज तिथे जवळपास सारखाच. आणि शेवटी ‘ई-एन-टी’ऐवजी ‘ए-एन-टी’. दुसऱ्यावर चांगला उपाय आहे. लॅटिनमधून आलेल्या या शेपटाचा, म्हणजे ‘युलंट’चा अर्थ ‘अमुक गोष्टीने भरलेला’ असा होतो. फ्रॉड्युलंट म्हणजे फसवणुकीने भरलेला, ऑप्युलंट म्हणजे वैभवाने भरलेला, व्हिर्युलंट म्हणजे विषाने भरलेला. ही सगळी मंडळी शेवटी ‘ई-एन-टी’च लावतात. एकाचे स्पेलिंग आठवले की बाकीच्यांचे आठवते.

नळाखालचा धडा

आता अर्थ. त्यासाठी शब्दकोश बाजूला ठेवा आणि नळ सोडा.

नळ अगदी बारीक, पण थेंब न पडता अखंड धार येईल इतका उघडा. धार काचेच्या कांडीसारखी दिसते. नितळ, गुळगुळीत, जणू हलतच नाही. आता हळूहळू नळ मोठा करा. एका टप्प्यावर धारेवर सुरकुत्या येतात, ती पांढुरकी होते, पिळवटते, तिच्यातला प्रत्येक भाग भलतीकडे ओढल्यासारखा वाटतो. ही दुसरी धार टर्ब्युलंट. ज्या नळाच्या तोंडाशी जाळी बसवलेली असते तो पाण्यात हवा मिसळतो, त्यामुळे त्याची धार पहिल्यापासूनच पांढरी दिसते. प्रयोगासाठी बिनजाळीचा नळ घ्या. नळ जवळ नसेल तर नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा धूर बघा: थोडे अंतर तो दोरीसारखा सरळ चढतो आणि मग विस्कटतो. विस्कटलेला भाग टर्ब्युलंट.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने हेच १८८३ साली काचेच्या नळीत रंगाचा धागा सोडून दाखवले. पाणी सावकाश वाहत असताना रंगाची रेघ सरळ राहिली, वेग वाढवल्यावर ती एकाएकी विरघळून नळीभर पसरली. वेग, नळीची रुंदी आणि द्रवाचा दाटपणा यांच्या हिशेबातून जो आकडा निघतो त्याला आज रेनॉल्ड्स अंक म्हणतात. गोल नळीत तो साधारण २,३०० च्या खाली असेल तर प्रवाह शांत राहतो, आणि ४,००० च्या वर गेला की सहसा टर्ब्युलंट होतो. शांत प्रवाहाला इंग्रजीत लॅमिनर म्हणतात. मजा अशी की रेनॉल्ड्सने स्वतः त्या खवळलेल्या प्रवाहासाठी ‘सिन्युअस’, म्हणजे नागमोडी, हा शब्द वापरला होता. टर्ब्युलंट त्यावर नंतर चिकटला.

भाषा शिकणाऱ्याला या प्रयोगातून आकड्यांपेक्षा दोन प्रश्न घ्यायचे आहेत. कोणत्याही गोष्टीला टर्ब्युलंट म्हणण्यापूर्वी ते विचारा.

यात काही वाहते आहे का? पाणी, हवा, पैसा, भावना, काळ, काहीही. काळसुद्धा वाहतोच, म्हणून वर्षे आणि दशके या शब्दाला फार आवडतात. टेबल वाहत नाही.

त्या वाहण्यात एकाच वेळी अनेक दिशांची ओढ आहे का? शेअरचा भाव दोन महिने रोज थोडा थोडा घसरतो आहे, ही वाईट बातमी असेल, पण टर्ब्युलंट नाही. ती एकाच दिशेची घसरण आहे. सोमवारी वर, मंगळवारी खाली, बुधवारी दुपारपर्यंत दोन्ही, हा बाजार टर्ब्युलंट.

आणखी एक गोष्ट नळाकडूनच कळते: ही स्थिती काही वेळ टिकते. एका क्षणात होऊन गेलेल्या धक्क्याला हा शब्द लागत नाही. अपघात टर्ब्युलंट नसतो. अपघातानंतरचे सहा महिने असू शकतात.

कूळ कुठले

मुळाशी लॅटिन ‘टुर्बा’ आहे, म्हणजे गर्दी, गलका, दंगा. त्यावरून ‘टुर्बारे’ हे क्रियापद, म्हणजे ढवळणे. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकापासून सापडतो. याच घरातले डिस्टर्ब आणि ट्रबल तर मराठी माणूस दिवसातून दहा वेळा वापरतो. ट्रबल फ्रेंचमधून फिरून आला म्हणून चेहरा बदललेला आहे इतकेच. पर्टर्ब म्हणजे अस्वस्थ करणे, आणि इम्पर्टर्बेबल म्हणजे कशानेही न ढवळला जाणारा माणूस. पाणी ढवळले की तळचा गाळ वर येतो, म्हणून गढूळ पाण्याला टर्बिड. टर्बाइन हा शब्द १८२२ मध्ये क्लोद बुर्दां या फ्रेंच अभियंत्याने लॅटिन ‘टुर्बो’वरून, म्हणजे भोवरा या शब्दावरून घडवला. तोही याच गोतावळ्यातला. गर्दी, ढवळणे, गाळ, भोवरा: चार चित्रे आणि चारही फिरती. कूळ पाठ करायची गरज नाही, पण ‘डिस्टर्ब’मधला ‘टर्ब’ दिसला की स्पेलिंगमधला ‘यू’ पुन्हा चुकत नाही.

कोणत्या नामांशी जमते

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. विशेषण एकटे शिकणे म्हणजे चावी पाहून ठेवणे आणि कुलूप कुठले ते न विचारणे. टर्ब्युलंटची कुलपे मोजकी आहेत.

पहिला आणि सर्वांत मोठा गट काळाचा. टर्ब्युलंट टाइम्स, टर्ब्युलंट पीरियड, टर्ब्युलंट यीअर्स, टर्ब्युलंट डेकेड, टर्ब्युलंट हिस्टरी, टर्ब्युलंट पास्ट. मराठीत याला ‘धामधुमीचा काळ’ किंवा ‘उलथापालथीची वर्षे’ म्हणतो, आणि हे प्रतिशब्द ‘अस्थिर’पेक्षा कितीतरी जवळचे आहेत. ‘द नाइन्टीन-सिक्स्टीज वेअर अ टर्ब्युलंट डेकेड इन अमेरिका’ हे अगदी ठरलेल्या वळणाचे वाक्य. फ्रेंच राज्यक्रांतीची १७८९ ते १७९९ ही वर्षे, किंवा जर्मनीतल्या वायमार प्रजासत्ताकाचा १९१९ ते १९३३ हा काळ, यांच्याविषयी इंग्रजीत वाचताना हा शब्द भेटलाच नाही तर नवल.

दुसरा गट नात्यांचा आणि आयुष्याचा. टर्ब्युलंट रिलेशनशिप, टर्ब्युलंट मॅरेज, टर्ब्युलंट चाइल्डहुड, टर्ब्युलंट लाइफ, टर्ब्युलंट करिअर. इथे अर्थ भांडणापेक्षा रुंद आहे: भांडण, समेट, पुन्हा तुटणे, पुन्हा जुळणे. जे लग्न फक्त थंड आणि दुःखी आहे ते टर्ब्युलंट नव्हे. त्याला अनहॅपी म्हणतात.

तिसरा गट हवा-पाण्याचा. टर्ब्युलंट सी, टर्ब्युलंट वॉटर्स, टर्ब्युलंट एअर, टर्ब्युलंट फ्लो. यातला शेवटचा शास्त्रातला पारिभाषिक शब्द, आणि तिथे त्याला वाईटपणाचा वासही नाही. इंजिनात इंधन आणि हवा नीट मिसळावी म्हणून अभियंते मुद्दाम टर्ब्युलंट प्रवाह घडवतात.

चौथा गट बाजार, राजकारण आणि भावनांचा: टर्ब्युलंट मार्केट्स, टर्ब्युलंट पॉलिटिक्स, टर्ब्युलंट इमोशन्स.

माणसाला लावायचा का? जुन्या इंग्रजीत लावत. इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा आर्चबिशप थॉमस बेकेटला उद्देशून ‘या टर्ब्युलंट पाद्र्यापासून माझी सुटका कोणीच करणार नाही का’ असे ओरडला आणि त्यावरून २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये बेकेटचा खून झाला, अशी प्रसिद्ध कथा आहे. त्या काळच्या लॅटिन वृत्तांतातले शब्द वेगळे आहेत. हे वळण नंतरच्या काळातले. अर्थ मात्र स्पष्ट: उपद्व्यापी, बंडखोर. आज सजीव माणसाला थेट टर्ब्युलंट म्हटले तर ते जुनाट वाटते. अलीकडे एका लोकप्रिय ऑनलाइन व्यक्तिमत्त्व-चाचणीने हा शब्द ‘स्वतःविषयी साशंक, ताण लवकर घेणारा’ अशा अर्थाने वापरल्यामुळे तरुणांच्या बोलण्यात तो पुन्हा माणसाला चिकटलेला दिसतो. ओळखून ठेवा, स्वतः वापरू नका.

ही यादी आमच्या शब्दावर ठेवण्यापेक्षा स्वतः पडताळा. ‘स्केल’ नावाचे शिकणाऱ्यांसाठीचे मोफत संकेतस्थळ आहे. तिथे शब्द टाकून ‘वर्ड स्केच’ हा पर्याय दाबला की कोणती नामे सोबत येतात ते समोर येते. आणखी खोलात जायचे तर अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ हा शंभर कोटींहून अधिक शब्दांचा संग्रह आहे. तिथे शोधचौकटीत आपला शब्द, मग मोकळी जागा, आणि मोठ्या लिपीत ‘नाउन’ असे टाकले की पुढे येणारी नामे वारंवारतेच्या क्रमाने मिळतात. पहिली वीस पुरेत. त्यातली तुमच्या कामाची पाच निवडा आणि वहीत विशेषणासकटच लिहा. नुसते ‘टर्ब्युलंट’ असे कधीच लिहू नका.

शेजाऱ्यांपासून वेगळे कसे करायचे

चुका बहुतेक इथे होतात, कारण मराठीत या सगळ्यांना ‘अस्थिर’ आणि ‘गोंधळाचा’ हे दोनच शब्द पुरवून पुरवून वापरले जातात.

केऑटिक म्हणजे जिथे व्यवस्थाच दिसत नाही. याला हालचाल लागत नाही. कपडे पसरलेले कपाट, कागदांनी भरलेले टेबल, अजेंडा नसलेली बैठक हे सगळे केऑटिक. खोली केऑटिक असू शकते, टर्ब्युलंट कधीच नाही. उच्चार ‘के-ऑ-टिक’, जोर मधल्यावर. स्पेलिंगमधले ‘सी-एच’ पाहून ‘चाओटिक’ म्हणणारे बरेच असतात, ते सोडा.

व्होलटाइल लॅटिनमधल्या ‘उडणे’ या क्रियापदावरून आला. पटकन वाफ होऊन उडून जाणारा द्रव, पटकन भडकणारा स्वभाव, पटकन बदलणारा भाव. यात शक्यता असते, घडणे नसते. फरक असा धरा: व्होलटाइल बाजार आज सकाळी अगदी शांत असू शकतो, फक्त तो केव्हाही उसळेल. टर्ब्युलंट बाजार आत्ता उसळतोच आहे. स्वभावाला व्होलटाइल लावा. अमेरिकन उच्चारात शेवट ‘व्हॉलटल’ असा गिळलेला ऐकू येतो.

अनस्टेबल म्हणजे आधार कच्चा. शिडी, टेबल, आघाडीचे सरकार, रुग्णाची प्रकृती. पडण्याची भीती आहे. याचे नाम ‘इन्स्टेबिलिटी’. ‘अनस्टेबिलिटी’ लिहिले की परीक्षक लाल शाई काढतो. सरकारच्या बाबतीत दोन्ही शब्द एका वाक्यात मांडून पाहिले की भेद पक्का होतो: ‘टर्ब्युलंट टाइम्स’मध्ये ‘अनस्टेबल गव्हर्नमेंट’ पडते. काळ ढवळलेला, सरकार डुगडुगते.

ट्युमल्चुअस हा सर्वांत जवळचा शेजारी, आणि वर्षे किंवा नाती यांच्यासाठी दोघांची अदलाबदल होतेही. पण त्यात आवाज आहे, आणि तो आनंदाचाही असू शकतो. टाळ्यांचा कडकडाट ‘ट्युमल्चुअस अप्लॉज’, जंगी स्वागत ‘ट्युमल्चुअस वेलकम’. तिथे टर्ब्युलंट घातला तर स्वागताला दंगल झाल्यासारखे वाटेल.

बाकीचे थोडक्यात. वादळी बैठकीला स्टॉर्मी किंवा हीटेड. ऐकत नसलेल्या मुलांना आणि न बसणाऱ्या केसांना अनरूली. गढूळ पाण्याला टर्बिड. नदी टर्ब्युलंट असून नितळ असू शकते आणि टर्बिड असून संथ. टर्मॉइल, म्हणजे खळबळ, हे नाम आहे, त्याचे विशेषण नाही. ‘द कंट्री इज इन टर्मॉइल’ असे वापरतात.

आणि एक गोष्ट शब्दकोश सहसा ठळक सांगत नाहीत: टर्ब्युलंट हा बोलण्यापेक्षा लिहिण्याचा शब्द आहे. मित्राशी बोलताना इंग्रज माणूस ‘इट्स बीन अ रफ यीअर’ म्हणेल, नात्याविषयी ‘रॉकी’ म्हणेल, विमानाविषयी ‘बम्पी फ्लाइट’. निबंधात, अहवालात, बातमीत टर्ब्युलंट शोभतो. चहाच्या टेबलावर तो जरा कडक इस्त्रीचा वाटतो.

व्याकरणाचे खिळे

हा भाग लहान आहे. आधी ‘अ’ लागतो, ‘ॲन’ नाही. तुलना ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ने होते. नामाच्या आधी येणे त्याला जास्त आवडते, पण क्रियापदानंतरही येतो: ‘द सी वॉज टर्ब्युलंट’. एकवचनात ‘अ टर्ब्युलंट टाइम फॉर द कंपनी’, सर्वसाधारण बोलताना अनेकवचनात ‘इन टर्ब्युलंट टाइम्स’. पहिल्यात ‘फॉर’, दुसऱ्यात ‘इन’. त्याच्याआधी येणारी क्रियाविशेषणेही ठरलेली: पोलिटिकली, इमोशनली, पर्टिक्युलरली, इन्क्रीजिंगली. ‘व्हेरी मच टर्ब्युलंट’ ही आपली खास निर्मिती, ती नको. दुसऱ्या विशेषणासोबत जोडताना दोन साचे फार चालतात: ‘लाँग अँड टर्ब्युलंट’ आणि ‘ब्रीफ बट टर्ब्युलंट’.

नाम टर्ब्युलन्स, आणि ते मोजता येत नाही. सर्वांत जास्त चुका याच नामात दिसतात. ‘अ टर्ब्युलन्स’ नाही, ‘मेनी टर्ब्युलन्सेस’ नाही. ‘सम टर्ब्युलन्स’, ‘अ बिट ऑफ टर्ब्युलन्स’, ‘अ पीरियड ऑफ टर्ब्युलन्स’ म्हणा. विमान टर्ब्युलन्सला ‘हिट’ करते, ‘एन्काउंटर’ करते किंवा त्यात ‘रन इन्टू’ होते. ‘द प्लेन वॉज टर्ब्युलंट’ चूक, कारण ढवळलेली हवा आहे, विमान नाही. ‘अ टर्ब्युलंट फ्लाइट’ मात्र चालते, कारण उड्डाण हा घटनाक्रम आहे. वैमानिक हवेच्या या धक्क्यांची लाइट, मॉडरेट, सिव्हिअर, एक्स्ट्रीम अशी चार पायऱ्यांत नोंद करतात. ढगांचा मागमूस नसताना बसणाऱ्या धक्क्यांना ‘क्लिअर-एअर टर्ब्युलन्स’ म्हणतात.

रोजच्या वापरातले क्रियापद या शब्दाला नाही. डिस्टर्ब त्याचा भाऊ असला तरी ‘टर्ब्युलंट करणे’ असा अर्थ देत नाही. त्यासाठी ‘थ्रो इन्टू टर्मॉइल’ ही रचना घ्या.

कार्डे आणि उजळणी

एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी असे एकच कार्ड करू नका. त्यातून फक्त ओळख पक्की होते, वापर नाही. सहा कार्डे अशी करा:

१. पुढे ‘धामधुमीचा काळ’, मागे ‘टर्ब्युलंट टाइम्स’.
२. पुढे ‘अ ब्रीफ बट ______ मॅरेज’, मागे शब्द स्पेलिंगसह.
३. पुढे ‘टर्ब्युलंट की व्होलटाइल: लवकर भडकणारा स्वभाव’, मागे उत्तर आणि चार शब्दांत कारण.
४. पुढे ‘टर्ब्युलंट की केऑटिक: पसरलेले टेबल’, मागे तसेच.
५. पुढे ‘विमानाला थोडे धक्के बसले’, मागे ‘वी हिट सम टर्ब्युलन्स’.
६. पुढे स्पेलिंग, मागे तीन तुकडे आणि जोराची खूण. हे कार्ड मोठ्याने म्हणूनच उलटायचे.

तिसरे आणि चौथे कार्ड बाकीच्यांपेक्षा मोलाचे. ‘टर्ब्युलंट’ चुकतो तो नेहमी शेजाऱ्याशी गल्लत होऊन, त्यामुळे निवड करायला लावणारा प्रश्नच कामी येतो.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. म्हणून उजळणीच्या तारखा सुरुवातीला जवळ आणि नंतर लांब ठेवा: दुसरा दिवस, चौथा, दहावा, पंचविसावा, साठावा. प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटे. कार्ड उलटण्यापूर्वी उत्तर तोंडाने म्हणा. ‘हो, हे येतं’ असे मनात म्हणून पान उलटणे ही स्वतःची फसवणूक आहे. चुकलेले कार्ड पुन्हा दुसऱ्या दिवसापासून सुरू करा, बाकीची आपल्या वाटेने जाऊ द्या. एकच कार्ड तीनदा चुकले तर पाठांतराला दोष देऊ नका, कार्ड वाईट आहे. वाक्य बदला.

स्वतःची वाक्ये

चौथ्या दिवसाच्या उजळणीनंतर पाच वाक्ये स्वतः लिहा. काळावर दोन, नात्यावर एक, हवा किंवा पाण्यावर एक, बाजारावर एक. आधी मराठीत लिहून मग भाषांतर करू नका. वहीतली जोडी, म्हणजे ‘टर्ब्युलंट डेकेड’ किंवा ‘टर्ब्युलंट सी’, मधोमध मांडा आणि वाक्य तिच्या दोन्ही बाजूंनी बांधा. काळासाठी ‘गो थ्रू’, ‘लिव्ह थ्रू’, ‘सर्व्हाइव्ह’ ही क्रियापदे बसतात.

मग तपासणी. प्रत्येक वाक्याला नळाचे ते दोन प्रश्न विचारा. खाली दिलेल्या मराठी वाक्यांवर हात साफ करून घ्या. कुठे टर्ब्युलंट येईल आणि कुठे दुसरा शब्द, ते ठरवा.

ही शिडी हलते आहे. – अनस्टेबल. हलते आहे खरी, पण वाहत नाही, भीती पडण्याची.
कंपनीसाठी गेले वर्ष उलथापालथीचे होते. – टर्ब्युलंट, ‘फॉर’सह.
तो कधी चिडेल सांगता येत नाही. – व्होलटाइल.
प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. – ट्युमल्चुअस.
पहिल्याच दिवशी कार्यालयात कोणाला काय करायचे ते माहीत नव्हते. – केऑटिक.
पुलाखाली नदी खवळून वाहत होती. – टर्ब्युलंट.
त्यांचे लग्न तीन वर्षे टिकले, त्यात ते दोनदा वेगळे झाले आणि दोनदा पुन्हा एकत्र आले. – टर्ब्युलंट, आणि ‘ब्रीफ बट’ हा साचाही इथे नेमका बसतो.
पुरानंतर विहिरीचे पाणी लाल झाले. – टर्बिड.
सोन्याचा भाव सलग पाच आठवडे वाढला. – यांपैकी कोणताच नाही. ‘स्टेडी राइज’ म्हणा.

नऊपैकी सात बरोबर आले तर साठाव्या दिवसापर्यंत फक्त कार्डे फिरवा. त्याहून कमी आले तर शेजाऱ्यांचा भाग पुन्हा वाचा, आणि जे दोन शब्द एकमेकांत मिसळले त्यांचे आणखी एक निवडीचे कार्ड करा. लिहिताना एकाच परिच्छेदात टर्ब्युलंट दोनदा आला तर दुसरा काढून ‘अपहीव्हल’ (उलथापालथ) किंवा ‘टर्मॉइल’ या नामांनी वाक्य फिरवा.